ठकूचं विरजण आणि शास्त्रीबुवांचा हक्क

स्वतःचंच औषध लोकांना सांगितलं म्हणून ठकू वैदिणीला दरबारात चोर म्हणून उभं केलं!

औषध साधंच होतं. पोरांना हगवण लागली की डाळिंबाची साल उकळून ताकातून द्यायची. ठकूने ते शोधलं, वर्षानुवर्षं दिलं आणि मग हौसेने 'राजवैद्यमाला' या अंकाअंकाने निघणाऱ्या ग्रंथाकडे लिहून पाठवलं. ग्रंथाचे अधिपती धुंडिराजशास्त्री. त्यांच्या तीन पंडितांनी साल आधी की ताक आधी यावर आठ महिने वाद घातला. 'सुधारून आणा' म्हणून कागद दोनदा परत आला. शाई ठकूची, कागद ठकूचा, पंडितांची मेहनतही बिनपगारी. ग्रंथ वाचायचा तर नजराणा मात्र शास्त्रीबुवांना! शेवटी ग्रंथात ठकूचं नाव ठळक अक्षरांत आलं. तिने सही केलेल्या करारात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'हे औषध यापुढे ग्रंथाचे.' एवढं बारीक कोण वाचतो?

त्या उन्हाळ्यात आळीत हगवणीची साथ आली. आया पोरं घेऊन ठकूच्या दारात रांगेने बसल्या. ठकूने औषध सांगितलं आणि लगेच शिपाई तिला दरबारात न्यायला आला.

"महाराज, हिने दिलं ते गेलं!" शास्त्रीबुवा गरजले. "वस्तू एक, मालक एक. आता ती सांगायची तर आमची परवानगी हवी!"

"माझ्याच डोक्यातलं सांगायला तुमची परवानगी?" ठकू भडकली. "दारात पोरं सुकाया लागलीत! त्यांच्या आयांना काय, पुढचा अंक निघंस्तवर थांबा म्हणू?"

"सही ती सही!" राजा कीर्तिपाल म्हणाला. हट्टात तो कोणाला हार जात नसे. "पण तुला एक संधी देतो. शास्त्रींना पुरती मिळाली आणि तरीही तुझ्याकडे पुरती उरली, अशी एक वस्तू उद्या दाखव. दाखवलीस तर औषध तुझं. नाही तर औषध सांगणं बंद; तरीही सांगितलंस तर वेशीबाहेर!"

शास्त्रीबुवा मिशीत हसले. असली वस्तू कुठे असते का!

ठकू घरी आली ती डोकं धरूनच बसली. दारातल्या बायांना काय सांगावं हेच तिला सुचेना. एवढ्यात शेजारच्या वाड्यातून शास्त्रीणबाई वाटी घेऊन लगबगीने आल्या.

"ठकूबाई, मांजराने दह्याचं मडकं लवंडलं गं! चमचाभर विरजण दे. दिवेलागण झाली की मागता येत नाही, आणि आमच्यांना दहीभाताशिवाय घास उतरत नाही."

ठकूने चमचाभर विरजण दिलं. मग ती एकटीच हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात आपलं दह्याचं मडकं आणलं आणि शिपायाकडून शास्त्रीबुवांच्या घरचंही मागवलं.

"शास्त्रीबुवा, ह्ये दही कुणाचं?"

"अर्थात माझं! दूध माझं, मडकं माझं. आत्ताच दहीभात खाऊन आलोय. अहाहा, काय घट्ट लागलंय!"

"त्यात विरजण माझं हाय. काल तुमच्या बाईंनी नेलं."

"मग काय झालं? दही माझंच!"

"आणि ह्या माझ्या मडक्यातलं?"

"ते तुझं. मला काय करायचंय त्याचं?"

"ऐकलंत महाराज?" ठकूने दोन्ही मडकी शेजारी ठेवली. "मी दिलं. त्यांचं मडकं भरलं, माझंबी भरलेलंच!"

शास्त्रीबुवांच्या कपाळावर घाम आला. "हे... दह्याची गोष्ट वेगळी! चमचा तर तुझ्या मडक्यातून गेलाच ना!"

"चमचा गेला, खरं हाय. औषध सांगितल्यानं माझ्या डोक्यातलं चमचाभर तरी कमी होतं का? मग त्यो तुमचा नेम दह्यालाच लावू! वस्तू एक, मालक एक म्हणता ना? विरजण देताना मी कुठं सही केली न्हाई. मग विरजण माझं, तर तुमच्या घरचं समदं दही आजपासून माझं. ताक पिताना माझी परवानगी घ्या. कढी करायची तर अर्ज करा. तीन बाया बसवीन, कढीत आलं आधी की मिरची आधी ते ठरवाया. आठ महिन्यांनी कळवीन!"

राजा सिंहासनावरच पोट धरून हसू लागला. दरबारही हसला. ते तीन पंडित तर सगळ्यात जोरात!

"हरलो, ठकूबाई!" राजाने डोळे पुसले. "औषध तुझं. ग्रंथाने वापरावं, लोकांनी सांगावं, फक्त तुझं नाव घ्यावं. यापुढे ग्रंथात जो लिहील त्याला हाच नियम. आणि ही घे सोन्याची पाटली!"

"पाटली घेते. पण ग्रंथ वाचाया नजराणा लागतो, त्याचं काय?"

"ग्रंथ रोज सकाळी चावडीवर फुकट वाचला जाईल. आणि वाचतील स्वतः शास्त्रीबुवा!"

शास्त्रीबुवांचा चेहरा आंबट झाला. ठकूने आपलं मडकं त्यांच्यापुढे सरकवलं.

"न्या बुवा, ताक करून प्या. रोज मोठ्यानं वाचायचं म्हंजे घसा सुकंल. परवानगी लागत न्हाई!"