ठिपकीची मऊ अंडी

कोंबड्या अजून आपली मतं ठणकावून मांडत, त्या काळी समुद्रकाठच्या एका वाडीत ठिपकी नावाची कोंबडी राहायची. तिला मालकिणीच्या सुपातले निवडलेले तांदूळ मिळू लागले आणि ती उकिरड्याकडे फिरकेनाशी झाली.

"खडे-शिंपल्या टोचणं आपल्याला शोभत नाही," ती ऐटीत सांगे.

पण तिची अंडी कवचाविना मऊ पडू लागली. उबवायला बसली की फुटत. पिलांची आस लागलेली ठिपकी रडकुंडीला आली.

शेजारची बदकआजी म्हणाली, "अगं शहाणे, चोचीत दात नाहीत, मग पोटात दाणा दळायला खडे नकोत? आणि शिंपल्या टोचल्याशिवाय कवच काय वाऱ्यानं येणार?"

"पण आजी, सुपातलं स्वच्छ असतं."

"स्वच्छ आहे गं. पण तेवढ्यानं भागतं असं कुणी सांगितलं तुला?"

ठिपकी उकिरड्यावर गेली. तिथे मालकिणीनं कालवणानंतर फेकलेल्या शिंपल्यांचा चुरा होता. तो ती रोज टोचू लागली.

पुढच्या खेपेला अंडी टणक निघाली आणि अंगणात पिलं चिवचिवली.

"आई, सुपातले तांदूळ दे ना," धाकटं म्हणालं.

"देते. आधी उकिरड्यावर चल."