मिशीच्या गाण्याचा नंबर

मला कशाला सांगायला लावता? घसा बसलाय माझा. वर्ष संपायला आलं की तुम्हा लोकांना हाच किडा चावतो. यंदाचं पहिलं गाणं कुठलं, दुसरं कुठलं! गाणं काय बाजारातला बैल आहे, दात बघून भाव लावायला? पण मागे लागलाच आहात, तर सांगतो. मधे कुणी बोलायचं नाही.

असाच किडा चावलेला एक राजा होता, भोगाजीराव. पाडव्याच्या आदल्या दिवशी वर्षभरातल्या गाण्यांचे नंबर लावायचे आणि पाडव्याला गावभर दवंडी द्यायची, ही त्याची हौस. दुसरी कामं नव्हती. बरं, नुसते नंबर लावून गप्प बसावं ना! त्या वर्षी त्यानं स्वतःच गाणं रचलं. कशावर? स्वतःच्या मिशीवर!

"मिशी माझी तलवार, शत्रू पळती हजार!"

शत्रू पळाले की नाही देव जाणे, दरबारी मात्र पळाले. कारण राजाचा हुकूमच तसा होता. "माझ्या गाण्याचा खरा नंबर सांगा. खुशामत केलीत तर गाढवावरून धिंड. अपमान केलात तर तळघरात कोठडी. आणि पुरावा दाखवा!"

नंबर लावायला पाच पंडित होते. एकाच्या पोटात कळ आली. एकाची सासू वारली, ती आधीही एकदा वारली होती. बाकीचे सापडेचनात. मग प्रधान त्र्यंबकपंतांनी डोकं चालवलं, म्हणजे दुसऱ्याचं डोकं पुढे केलं. "महाराज, दवंडी देणाऱ्यानंच नंबर लावावेत."

दवंडी द्यायचा लखू. डफ वाजवून हुकूम ओरडायचा, एवढंच त्याचं काम. तो घरी येऊन मटकन खाली बसला.

"सगुणे, तुझा बाप गेला! पहिला नंबर दिला तर धिंड, खालचा दिला तर कोठडी."

त्याची पोरगी भाकरी थापत होती. "पंडित काय म्हणाले?"

"पळाले."

"मग ते खरंच शिकलेले असणार. बाबा, हात धुवा आणि जेवा. उद्या सकाळी राजाकडे मी येते."

सकाळी ती दरबारात उभी राहिली. त्र्यंबकपंतांनी नाक मुरडलं. "ही कोण नंबर लावणार?"

"मी नाही लावणार, पंत. गाव लावेल. महाराज, आज दिवसभर गाण्याला बंदी करा. जो गाताना सापडेल त्याला शिपायांनी चावडीपुढे आणून बसवायचं. जे गाणं लोकांना जिवापाड आवडतं ते मना केलं तरी तोंडातून सुटतंच. ज्या गाण्यापायी जास्त माणसं धरली जातील, त्याचा नंबर वरचा. खुशामत करायला कोण आपणहून धरला जाईल?"

राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला, "वा! चावडी पुरायची नाही माझ्या गाण्याला!"

लखूनं डफ बडवून बंदीची दवंडी दिली. उन्हं उतरली तशी चावडीपुढे गर्दी मावेना. दळताना धरलेल्या बायका, घाण्यावरचा तेली, एक न्हावी आणि त्याचं अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. दोघं मिळून गात होते! राजासाठी चावडीच्या ओट्यावर सिंहासन मांडलं होतं. लखू पिंपळाखाली डफ छातीशी धरून उभा.

"बोल हवालदार," राजा म्हणाला, "सगळ्यात जास्त कुठल्या गाण्याला धरले?"

हैबती हवालदार पुढे झाला. "ते गवळणीचं, महाराज. म्हस माझी रुसली बाई, वैरण खाईना..."

"खाईना! खाईना!" धरलेले सगळे एका सुरात ओरडले.

हवालदाराची मान डोलायला लागली. "घुंगरू दिलं, झूल दिली, जवळ येईना..."

"हवालदार!"

"चुकलो महाराज! मलाही बसवा त्यांच्यात."

"ते राहू दे. दुसरं?"

"पाळण्याचं. तिसरं मोटेवरचं."

"आणि माझं? मिशीचं?"

हवालदार जमिनीकडे बघायला लागला. "महाराज... एकही नाही."

राजाचं तोंड लाल झालं. "एकही नाही? हा अपमान! बांधा त्या लखूला!"

शिपायांनी लखूचे हात मागे ओढले. सगुणी आडवी आली.

"अपमान कसला, महाराज? तुम्ही बंदी केलीत. म्हशीच्या गाण्यानं ती मोडली, पाळण्याच्यानं मोडली, मोटेच्यानं मोडली. सगळ्या राज्यात तुमचा हुकूम पाळणारं गाणं एकच निघालं, ते तुमचं! आज्ञा पाळण्यात त्याचा पहिला नंबर. आणि पुरावा? ही एवढी माणसं बसलीत, एकानं तरी तोंडातून काढलं का?"

राजा गडबडला. रागवावं की फुगावं, त्याला कळेना.

"आणि आवडीत? आवडीत पहिलं कुठलं?"

"ते आता मला कशाला विचारता? मघापासून सिंहासनावर तुमची बोटं कशाच्या ठेक्यावर नाचतायत?"

सगळ्यांनी बघितलं. राजानंही बघितलं. बोटं म्हशीच्या तालावर टकटक करत होती, आणि ओठ हळूच म्हणत होते, "खाईना..."

हात जागच्या जागी थांबला.

"म्हणजे... मलाही धरायचं?"

"हुकूम तुमचाच आहे, महाराज. न्हाव्याशेजारी जागा आहे."

राजा असा हसला, असा हसला, की मिशीची दोन्ही टोकं कानाला लागली! लखूला सोडलं. राजानं हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणीच्या हातात घातलं.

"आणखी काही माग, पोरी!"

"पुढच्या वर्षी महाराजांनी गाणं रचू नये."

"दिलं!" राजा म्हणाला, आणि डोळे पुसत न्हाव्याशेजारी जाऊन बसला.

झाली गोष्ट. राजासुद्धा चारचौघांत खाली बसला. पण भर भजनात मला बेसूर म्हणून माझे टाळ काढून घेणारा आपल्या देवळातला तो रंगनाथ गुरव अजून माफी मागायला आलेला नाही.