तुळपुळ्यांचे कान

परवाना कार्यालयातल्या बेलसरे साहेबांना नियम पाठ होते, अर्थ मात्र एकाचाही ठाऊक नव्हता. अशांच्या हाती शिक्का देतात, याचीच चीड येते. त्यांनी यवतमाळच्या हौशी रेडिओचालक कुमुद वझलवार यांचा परवाना-नूतनीकरणाचा अर्ज अडवून त्यांना सुनावणीला बोलावलं. आरोप असा, की बाईंनी मोर्सच्या कडकट्ट लिपीतले संदेश संगणकावरून पाठवले.

"बाई, तुमचा परवाना ए-वन-ए प्रकाराचा. संगणक आला की ते ए-वन-बी. परवाना रद्द, संच जप्त!"

"साहेब, शेवटचं अक्षर संदेश कशाने पाठवला ते सांगत नाही, तो कशाने घ्यायचा ते सांगतं. कानाने घ्यायचा तो ए, यंत्राने घ्यायचा तो बी. पुस्तक तुमच्यासमोरच आहे."

साहेबांनी पान उघडलं, वाचलं आणि तरी गुरगुरले, "मग ते यंत्रासाठीच होते! एवढ्या वेगाचे संदेश कानाने कोण घेणार?"

"मग तुम्ही पुराव्यासाठी कोणतं यंत्र लावलंत?"

साहेबांची छाती फुगली. "यंत्र? हे आमचे निरीक्षक तुळपुळे! नुसत्या कानाने ऐकून शब्दन्‌शब्द वहीत उतरवलाय. एक चूक दाखवा!"

बाईंनी वही शांतपणे वाचली. "एकही चूक नाही. आता तुम्हीच ठरवा, साहेब. हे संदेश कानाने घेता येत नसतील, तर वही खोटी आणि पुरावा संपला. येत असतील, तर ते ए-वन-ए आणि आरोप संपला."

तुळपुळे खिडकीबाहेर बघत हसू दाबत होते. साहेबांनी शिक्का उचलला आणि नूतनीकरणाच्या अर्जावर मारला.

"तारीख राहिली, साहेब," बाई म्हणाल्या.