तात्यांचा धोटा

एका गिरणगावात एकदा एक वृद्ध पुढारी राहत होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. तरुणपणी ते गिरणीत साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणत. पुढे त्यांनी मजुरांचा संघ बांधला, तुरुंग पाहिला, आणि हरलेले संप आठवता आठवता त्यांचे खांदे वाकले. यशवंता नावाचा एक तरुण विणकर त्यांच्या हाताखाली शिकत होता.

त्या वर्षी कायदेमंडळात मजुरांसाठी प्रथमच एक जागा मिळाली. संघ ज्याचे नाव पाठवील, तो तिथे बसणार होता. एका बाजूला तात्या होते, दुसऱ्या बाजूला शहरातले एक वकील. रविवारी दुपारी संघाच्या खोलीत हात वर करून नाव ठरायचे होते. यशवंताने चाळीचाळीतून फिरून विणकरांची मने वळवली होती. हयातभर झिजलेल्या या माणसाला शेवटी बसायला एक खुर्ची मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती.

अडचण एकच होती. अस्पृश्य मानलेल्या मजुरांनाही विणकामाच्या खात्यात घ्यावे, असे तात्यांचे म्हणणे होते. ही माणसे कताईत राबत. विणकामात मजुरी बरी, पण तिथे मालकाच्या आधी विणकरच त्यांना अडवत. कारण होता धोटा, मागावर आडवे सूत नेणारी लाकडी नळी. धोट्यात सुताची नवी कांडी घातली, की तिचे सूत धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावे लागे. भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा, की सूत येई. एकाच धोट्याला असे पाळीपाळीने अनेकांचे ओठ लागत.

"तात्या, आज तेवढं बोलू नका," यशवंता जिन्यातच म्हणाला. "जागा हातात येऊ द्या. मग तिथं बसून सगळं करता येईल."

"बरं, नाही बोलत," तात्या म्हणाले, आणि कठडा धरून, दम खात वर चढले.

खोली भरली होती. कताईतला भागोजी नेहमीप्रमाणे उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी बसला होता. तात्यांनी पिशवीतून आपला जुना धोटा काढला.

"पांडोबा," ते पुढच्या रांगेतल्या विणकराला म्हणाले, "तुझ्या साच्यावर तुझ्या आधीच्या पाळीला कोण असतो रे?"

"कोण का असेना. सध्या एक पान खाणारा आलाय. त्याच्या तंबाखूची चव मला रोज आयती मिळते."

खोली हसली. तात्याही हसले. मग उठून ते दाराशी गेले आणि धोटा भागोजीपुढे धरला.

भागोजीने आतल्या माणसांकडे पाहिले. "कशाला, तात्या?"

"सूत ओढून दे, बाबा. मला हल्ली दम पुरत नाही."

भागोजीने सूत ओढले. तात्यांनी कांडी फिरवून ते परत आत घेतले, धोटा स्वतःच्या ओठांना लावला, ओढला आणि बराच वेळ खोकले. मग धोटा यशवंताच्या हातात देऊन ते आपल्या जागी येऊन बसले.

"हं, आता हात वर करा," ते म्हणाले.

कोणी हसत नव्हते. यशवंताने धोटा टेबलावर ठेवला आणि घाईघाईने बोलू लागला. तात्यांचा तुरुंगवास, तात्यांचा त्याग, सारे मजूर एक कसे, यावर तो फार सुंदर बोलला. हात मात्र वकिलांसाठी वर झाले.

"माणूस देव आहे," पांडोबा चपला शोधत म्हणाला, "पण देवाला देवळातच ठेवावं."

खोली रिकामी झाली. यशवंता तात्यांजवळ आला. "तात्या, तुम्ही कबूल केलं होतंत."

"बोललो का मी काही?"

"चार दिवस थांबला असतात, तर काय बिघडलं असतं?"

तात्यांनी डोळे मिटून घेतले. ते सावकाश म्हणाले, "अरे, मनातलं न सांगता हे हात मला मिळाले असते, तर तिथं जाऊन मी कोणाच्या बळावर बोललो असतो? भागोजीचं नाव काढलं, की हीच माणसं म्हणाली असती, यासाठी आम्ही हात वर केले नव्हते. आणि ते खरंच झालं असतं. मग गप्प बसणं आलं. गप्प बसायला खुर्ची कशाला? ते मला घरीही जमतं." मग ते म्हणाले, "तू आज छान बोललास हो."

त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच यशवंताची नजर टेबलाकडे गेली. तात्यांनी धोटा त्याच्या हातात दिला होता, तो बोलायला नव्हे, ओठांना लावायला. त्याने तो खाली ठेवला होता आणि मग एकीवर भाषण केले होते. खोलीतल्या कोणाहीपेक्षा आधी, त्याचाच हात खाली आला होता.

दाराबाहेर भागोजी अजून बसून होता. तात्यांना जिना उतरताना हात द्यायला तो थांबला होता. यशवंता धोटा घेऊन उंबऱ्याबाहेर गेला आणि त्याच्या शेजारी, चपलांच्या जागी बसला.

"भागोजी, सूत आत गेलंय. ओढून दे जरा."

भागोजीने ओढून दिले. यशवंताने कांडी फिरवून सूत परत आत घेतले. धोटा न पुसता ओठांना लावला आणि श्वास आत ओढला.

सूत आले. नेहमी येते तसेच आले.

आत तात्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपी गेले होते. त्यांना उठवायची घाई दोघांनाही नव्हती.