जांभळावरून घेतलेली सभा

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका रानात करवंदाच्या दाट जाळीखाली लहान पाखरांची आणि जनावरांची मिळून एक शाळा भरत असे. शाळेचे गुरुजी म्हणजे एक वयस्क वानर. ते मन लावून शिकवीत. पण पालकांची सभा घ्यायची असली की शेजारच्या जांभळाच्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन बसत. पालक खाली जमत. गुरुजींचे म्हणणे ज्याला पटेल त्याने मान वर करायची, अशी तिथली रीत होती. आता गुरुजी एवढ्या उंचावरून बोलत की नुसते ऐकायचे तरी प्रत्येकाला मान वर करावीच लागे. मधल्या फांदीवर बसलेली खार त्या माना पाहून शेपटी उडवी आणि ओरडे, "मंजूर!" आजवर एकही ठराव अडला नव्हता, आणि गुरुजींना याचा फार अभिमान वाटे.

एका सभेत गुरुजी म्हणाले, "जाळीत मुलांना अंधारतं. उद्यापासून शाळा वरच्या कातळावर भरेल. काय तो वारा, काय तो उजेड!"

खाली एक लावी उभी होती. मातीच्या रंगाची, जमिनीवरच घरटे करणारी छोटीशी पक्षीण. तिचे एकुलते पिलू या शाळेत होते. "गुरुजी, कातळावर आडोसा नाही हो," ती म्हणाली. "वर घार फिरत असते." पण तिचा बारीक आवाज पहिल्या फांदीपर्यंतही गेला नाही. तिने शेजारच्या साळिंदराला विनवले, "साळूदादा, तुमचा आवाज मोठा आहे. तेवढं सांगा ना!"

"अगं, माझ्या पोरांच्या अंगावर काटे आहेत. घार त्यांना काय करणार?" साळिंदर म्हणाले. "आणि गुरुजींनी विचार केलाच असेल की. आपण कशाला वाईटपणा घ्यायचा?"

तेवढ्यात खारीची शेपटी उडाली. "सगळ्यांच्या माना वर! मंजूर!"

लावी धावत बुंध्याशी गेली. "खारताई, अहो, मी ऐकायला मान वर केली होती!"

"मग ऐकलंस ना? झालं तर!" खार हसली. "तुम्हा बारक्यांचं दर वेळी काहीतरी असतंच बाई."

दुसऱ्या दिवशी शाळा कातळावर भरली. लावीला घरी राहवेना. ती एका दगडाआड दबून बसली. गुरुजी मुलांना दूरवरची नदी दाखवत होते. एवढ्यात उन्हातून एक सावली सरकन खाली आली. साळिंदराच्या पोरांनी काटे फुलवले, सशाची पोरे उड्या मारत पळाली. लावीच्या पिलाला मात्र शिरायला एक झुडूपही नव्हते. घारीने झडप घातली. गुरुजी धावले, पण त्यांच्या आधी लावी जिवावर उदार होऊन घारीच्या तोंडावर जाऊन आदळली. घारीची पकड सुटली. पिलू वाचले, पण त्याचा एक पंख कायमचा वाकडा झाला.

संध्याकाळी गुरुजी जाळीपाशी आले. साळिंदर आणि खारही तिथेच होती. पिलू आईच्या पोटाखाली थरथरत होते. गुरुजी म्हणाले, "लावीबाई, तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, गुरुजी," लावी म्हणाली. ती रागावली नाही, आणि तेच गुरुजींना जास्त लागले.

साळिंदराने सगळे काटे अंगाशी मिटून घेतले. "ती खरंच सांगत होती, गुरुजी. मला म्हणालीसुद्धा, तुम्ही बोला म्हणून. मी गप्प बसलो." खारीने तोंडावर शेपटी ओढून घेतली.

पुढची सभा जाळीतच, जमिनीवर भरली. गुरुजी सगळ्यांच्या बरोबरीने मातीत बसले. "शाळा कुठे भरवायची ते तुम्ही सांगा," एवढेच ते म्हणाले. कोणीच बोलेना. असे कोणी कधी विचारलेच नव्हते, त्यामुळे उत्तर कसे द्यायचे हे कोणाला ठाऊक नव्हते. मध्येच आपले मत सांगून टाकावे असे गुरुजींच्या ओठांवर आले. ते त्यांनी गिळले आणि खाली पाहत थांबून राहिले.

अखेर लावी बोलली. "शाळा इथेच बरी. पण इथे अंधारतं हे तुमचंही खरं आहे, गुरुजी. साळूदादांनी उगवतीकडच्या खालच्या थोड्या फांद्या कुरतडल्या तर उजेड आत येईल आणि डोक्यावरचा आडोसाही राहील."

"आजच कुरतडतो," साळिंदर म्हणाले.

इतकी साधी वाट होती! जांभळावरून उतरून एकदा विचारले असते, तर ती तेव्हाच कळली असती. गुरुजींना मान वर करवेना.

फांद्या गेल्या, जाळीत उजेड आला. त्या उजेडात पहिल्या रांगेत बसलेल्या पिलाचा वाकडा पंख गुरुजींना रोज अगदी स्वच्छ दिसे.

तात्पर्य : पालकांना सभेला बोलावले म्हणजे त्यांना विचारले असे होत नाही. ज्यांच्या लेकरांचे बरेवाईट ठरायचे आहे, त्यांचे म्हणणे ठरवण्याआधी ऐकावे. आणि ज्याचा आवाज वरपर्यंत पोहोचतो, त्याने शेजाऱ्याच्या लेकरासाठीही तो काढावा.