ताई धाकटी झाली

आकाशातल्या एका लहानशा ग्रहावर कालिंदी आणि भार्गव ही बहीण-भावंडं राहत होती. आईवडील नव्हते. कालिंदी चार वर्षांनी मोठी, तिनेच भावाला वाढवलं. ती अंतराळयान चालवायची, तो शाळेत शिकवायचा.

एक दूरची वस्ती होती. तिथल्या मुलांची हाडं जन्मापासून ठिसूळ असत. त्यावरचं औषध या ग्रहावर सापडलं आणि ते पोचवायचं काम कालिंदीकडे आलं.

वस्ती इतकी लांब, की प्रकाशालाही तिथे पोचायला साडेतीन वर्षं लागत. कालिंदीने भावाला समजावलं, की यान जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जाईल, त्यामुळे तिच्यापुरती ती वाट आखडून सातवा हिस्सा उरेल. जाऊन-येऊन तिचं एकच वर्ष जाईल. घरी मात्र सात वर्षं लोटतील.

भार्गवचं नुकतंच मृदुलाशी लग्न ठरलं होतं. कालिंदी म्हणाली, उरकून घ्या. पण ताई आल्याशिवाय बोहल्यावर चढायचं नाही, असं दोघांनी ठरवूनच टाकलं.

सहा महिन्यांनी कालिंदी वस्तीत उतरली. औषध पाहून आयांचे डोळे भरून आले. तिथल्या प्रमुखाने तिला सांगितलं, की तेवढंच आणखी पुढे गेलं तर जांभळ्या समुद्रांचं एक जग आहे, अजून कुणी पाहिलेलं नाही.

तिचं मन फार ओढ घेत होतं. आपलं आणखी एकच वर्ष, असं तिला वाटलं. मग तिने भावाच्या बाजूने मोजून पाहिलं. सातची चौदा होणार होती.

“माझं एक वर्ष स्वस्त आहे,” ती प्रमुखाला म्हणाली, “पण घरी त्याची सात होतात.” तिने यान परत वळवलं.

ती उतरली तेव्हा एकतीस वर्षांची होती. समोर तेहेतीस वर्षांचा भाऊ उभा होता, कानांजवळ केस पांढरे झालेले. बाजूला मृदुला होती. आठवड्याभरात लग्न लागलं.

भार्गव ताईच्या पाया पडायला वाकला, तेव्हा मंडळी हसली. आता तोच मोठा होता. कालिंदीने त्याला धरलं आणि स्वतः वाकून दोघांना नमस्कार केला.

“मी एक वर्ष लांब राहिले,” ती म्हणाली. “तुम्ही सात वर्षं वाट पाहिलीत.”

भार्गवने हसत विचारलं, “मग आता तुला हाक काय मारू?”

“ताईच म्हणायचं,” ती म्हणाली.

तात्पर्य एवढंच: आपलं घड्याळ खरं असतं, आणि आपली वाट पाहणाऱ्याचं घड्याळही तितकंच खरं असतं.