चिंचेला जागा किती

"मी तिला बोटसुद्धा लावलेलं नाही, वस्ताद. मग ती वाळती कशी?"

बाळगोंडानं वर बोट केलं. चिंचेचा शेंडा पार उघडा पडला होता. दिवाळी नुकतीच झालेली, आणि चिंच मात्र वैशाखातल्यासारखी.

दस्तगीर वस्तादांनी आधी चिंचेकडे पाहिलं. मग बाळगोंडाच्या बोटाकडे. त्यात पिवळ्या खड्याची अंगठी होती.

"कुठलं बोट लावलं नाहीस? हे?"

"कुठलंच नाही!"

"बरं..."

बाळगोंडा एके काळी वस्तादांच्या तालमीतला पठ्ठ्या. मैदानं मारायचा, फेटे गोळा करायचा. गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यानं जमिनीशी झोंबी धरली, म्हणजे प्लॉट पाडायला घेतले. जयसिंगपूरबाहेर शिरोळ रस्त्याला हा त्याचा पहिलाच लेआउट. नाव 'चिंचबन नगरी'. बन म्हणजे दोन चिंचा. दोन झाडांचं बन होत नाही हे त्यालाही कळत होतं. पण कमानीवर 'दोन चिंचा नगरी' लिहिलं तर येणार कोण?

उद्या उद्घाटन होतं. नारळ वस्तादांच्या हातून फोडायचा होता. वस्ताद आदल्या दिवशीच येऊन बसले, कारण उद्घाटनाच्या गर्दीत म्हाताऱ्या माणसाला चहा सगळ्यात शेवटी मिळतो, तोही गार.

आले, तर एक चिंच ही अशी निम्मी वाळलेली. दुसरी, रस्त्याच्या टोकाची, अजून हिरवीगार होती, आकड्यांनी लगडलेली. पण तिच्या बुडाशेजारून उद्या पहाटे गटार खणायचं होतं. पाइप येऊन पडले होते, जेसीबी येऊन उभा होता.

बाळगोंडाला घोर लागला होता तो वेगळाच. एक गेली तर गेली. पण दुसरीही अशीच गेली तर? त्यानं आयुष्यातली पहिली बैठक मारली ती याच चिंचांखाली. आणि आता लोक कमानीकडं बघून म्हणणार, बन कुठाय रे, पैलवान?

"मी काय कमी जपलं तिला?" तो कळवळून म्हणाला. "कुऱ्हाड आत येऊ दिली नाही. रोलरवाल्याला दम दिला, खोडाला खरचटलं तर तुला खरचटंल. बुंध्याला लागून सिमेंटचा पार बांधला. गेरू लावला, चुना लावला. दिव्यांची माळ सोडली वर."

"नवरी दिसती."

"मग!"

"नवरीचं पाय कुठं हायत?"

"आँ?"

"काय नाय... जरा सरळ उभा राहा, पैलवान. छाती काढ. हां, अस्सा. बघू तरी, तालमीतलं काय उरलंय."

बाळगोंडा खूश झाला. इतक्या वर्षांनी वस्ताद शड्डूची भाषा बोलत होते. त्यानं पोट आत घेतलं. जेवढं गेलं तेवढं. छाती फुगवली, मान ताठ केली. उद्घाटनासाठी शिवलेले पांढरे कपडे तो आजच घालून बघत होता. त्या कपड्यांत आपण फार भारी दिसतो, असं त्याचं मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ती इथं नव्हती.

वस्ताद समोर आले. सत्तरी कधीच ओलांडलेला, काडीसारखा म्हातारा. त्यांनी बाळगोंडाकडे कौतुकानं पाहिलं.

आणि खाली बसकण मारून, दोन्ही हातांनी त्याचे गुडघे मागून कवळून, खांद्यानं एक रेटा दिला.

पट काढला!

बाळगोंडा मुरमाच्या ढिगावर उताणा. पांढरे कपडे तांबडे. जेसीबीचा ड्रायव्हर हसू दाबायला बोनेटच्या मागं गेला. तिथून त्याचं हसू जास्तच ऐकू आलं.

"वस्ताद! काय हे!"

वस्ताद त्याच्या पायांवर आरामात बसले. खिशातून तंबाखूची डबी काढली.

"छातीला हात लावला मी तुझ्या?"

"नाही..."

"मानेला?"

"नाही."

"पोटाला? तसं ते चुकवणं अवघड होतं."

"नाही म्हटलं ना!"

"मग पडलास कसा?"

बाळगोंडा कोपरावर कलंडला.

ढिगावर पडल्या पडल्या त्याची नजर या चिंचेशेजारी आधीच खणलेल्या गटारात गेली. महिना झाला, या गटाराच्या काठानं तो रोज चालत होता. पण चालणाऱ्याला गटार दिसतं, पडलेल्याला त्याची भिंत दिसते. भिंतीतून तुटक्या मुळ्या बाहेर आलेल्या. काही मनगटाएवढ्या, एक तर मांडीएवढी. सगळ्यांची तोंडं चिंचेकडं पाठ करून, गटारापलीकडं कुणाला तरी शोधत असल्यासारखी. गटाराच्या पलीकडं मुरूम. मुरमावर रोलर.

त्यानं मुळ्या एकेक करून मोजल्या...

"वस्ताद."

"हं."

"मी तिचा पट काढला."

वस्तादांनी तंबाखू मळली, चिमूट दाढेत धरली, आणि त्याच्या पायांवरून उठले.

बाळगोंडाही उठला. कपडे झटकायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. त्यानं तिथल्या तिथं ड्रायव्हरला सांगितलं, हा ढीग उचल, रोलर काढ, पार फोड. मग फक्कीचं पोतं खांद्यावर टाकून तो थेट दुसऱ्या चिंचेकडं निघाला. प्लॉटची रेघ याच पांढऱ्या फक्कीनं मारायची, आणि एकदा मारली की पहाटे जेसीबी तिच्यावरूनच खणणार.

"हिला जागा सोडतो, वस्ताद. तुमच्यासमोर सोडतो. किती सोडू, बोला." त्यानं दोन्ही हात पसरले. "एवढी?"

"सावलीएवढी."

बाळगोंडानं सावली पाहिली. उन्हं कलली होती. चिंचेची सावली गटाराची ठरलेली जागा ओलांडून गेली होती, आणि तिच्या पुढं कोपऱ्याचा प्लॉट होता. तो प्लॉट सुकुमारचा. सुकुमार म्हणजे बाळगोंडाच्या बायकोचा धाकटा, लाडका भाऊ. एवढं सांगितलं की त्या प्लॉटचं महत्त्व कळतं.

"सावली म्हणजे... दुपारी बाराची ना, वस्ताद?"

"बाराला ती पाय पोटाशी घेऊन निजलेली असती. निजलेल्याची उंची मोजतोस?"

"मग तीनची धरू."

"तीन वाजून गेले."

"अहो पण रेघ कुठंतरी..." बाळगोंडा वाद घालू लागला. कायद्याचं सांगितलं, नकाशाचं सांगितलं, पाण्याच्या उताराचं सांगितलं. ओपन स्पेस म्हणून ओढ्याकडचा तुकडा आधीच सोडलाय हेही सांगितलं. तिथं नुसता खडक होता, ते नाही सांगितलं.

वस्ताद ऐकत होते. मधून मधून मान डोलवत होते. फार रस घेऊन ऐकत होते.

बोलता बोलता बाळगोंडानं खाली पाहिलं. सावली सुकुमारच्या प्लॉटचा हद्दीचा दगड ओलांडून आत शिरली होती.

"अरारा!" त्यानं पोत्यात हात घातला. "थांबा, इथं मारतो..."

फोन वाजला. सुकुमारच होता.

"दाजी, माझ्या प्लॉटची फक्की मारली का? हॉल पुढच्या अंगाला येतोय ना?"

बाळगोंडानं पाहिलं. सावली हॉलमध्ये जाऊन बसली होती.

"मारतोय, मारतोय."

"आणि ते झाड काढताय का? पानं पडतात म्हणतात. गाडी घाण होती."

बाळगोंडानं मागं वळून पहिल्या चिंचेकडं पाहिलं. तिच्या वाळक्या शेंड्यावर दिव्यांची माळ लोंबत होती. ड्रायव्हर मुकाट पार फोडत होता...

"सुकुमार," तो म्हणाला, "तुझा प्लॉट बदलला. ओढ्याकडचा देतो. हवेशीर आहे."

"ओढ्याकडं? तिथं खडक आहे, दाजी!"

"पाया पक्का बसंल."

"थांबा, ताईलाच फोन लावतो!"

"लाव," बाळगोंडा म्हणाला. त्यानं फोन बंद करून फक्कीच्या पोत्यात खुपसला.

वस्ताद दुसरीकडं बघत होते. त्यांच्या मिशा मात्र हलत होत्या.

आता बाळगोंडा धावतच निघाला. खांद्यावर पोतं, कपडे तांबडे, तोंड पांढरं. सावली सुकुमारच्या स्वयंपाकघरातून बाहेर पडून मागच्या हद्दीला पोचली, तशी तिथं त्यानं तिला गाठलं. धापा टाकत उभा राहिला. पलीकडचा जोडप्लॉट त्याचा स्वतःचा होता. बंगला तिथं बांधायचा होता, गच्चीवर गदा ठेवून.

सावलीचं टोक त्याच्या बुटाला लागलं. त्यानं बूट मागं घेतला.

ते पुन्हा लागलं.

मूठभर फक्की घेऊन तो खाली वाकला आणि लांबवर उभ्या वस्तादांना ओरडून विचारलं,

"वस्ताद! इथं मारू ना रेघ? इथवर बास ना?"

वस्तादांनी हाताची झापड डोळ्यांवर धरून सूर्याकडं पाहिलं. मग सावकाश, एकेक पाय सोडून, चिंचेच्या बुडाशी बसले.

"थांब की, पैलवान... अजून ऊन हाय."